ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवता येतं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगा

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावर केमोथेरपी देणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सादर नमस्कार.

केमोच्या वॉर्डात तुम्ही राउंडला येता तेव्हा आम्ही तुमच्याशी खोटं बोलतो. सगळे नाही, दर वेळी नाही, आणि वाईट हेतूने तर मुळीच नाही. पण "हातापायांना मुंग्या येतात का?" असं तुम्ही विचारता आणि "थोड्याफार, विशेष काही नाही" असं उत्तर येतं. त्या उत्तरावर पुढच्या सायकलचा, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीचा, डोस ठरतो. आणि ते उत्तर बऱ्याचदा खरं नसतं.

हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे, आणि केमोतल्या ज्या औषधाने त्या मुंग्या येतात त्या ऑक्सॅलिप्लॅटिनबद्दल.

मी तिसऱ्या स्टेजच्या कोलन कॅन्सरची रुग्ण, म्हणजे रोग जवळच्या लसिका ग्रंथींत पोचलेला, पण दूरच्या अवयवांत नाही. ऑपरेशन झालं, औषध देण्यासाठी त्वचेखाली पोर्ट बसवला, फॉलफॉक्स नावाची केमो घेतली, पोर्ट काढला. आज ठीक आहे. तळपायांत थोडा बधिरपणा उरलाय, चालताना एखादी चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं, एवढंच. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही मंडळी नसता तर हे पत्र लिहायला मी नसते, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच जे बोलायचं ते वॉर्डाच्या दाराआड कुजबुजत न बोलता तुमच्यासमोर बोलते आहे.

आम्ही का लपवतो, ते आधी सांगते. पहिल्या भेटीत तुम्ही पुष्कळ बोलता, पण घरी जाताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट उरते: बारा सायकल. बारा पूर्ण करायच्या. त्यानंतर नातेवाईक, शेजारी, फोनवरचे हितचिंतक सगळे तोच आकडा घोकायला लागतात. किती झाल्या? किती राहिल्या? अकराव्यालाच थांबलं तर सगळं पाण्यात, अशी समजूत कोणी न सांगता तयार होते. मग ज्या माणसाला पाचव्या-सहाव्या सायकलनंतर बोटांची टोकं कळेनाशी होतात, तो विचार करतो की हे सांगितलं तर डोस कमी करतील, आणि डोस कमी केला तर आत उरलेल्या पेशी मरायच्या कशा? जीव वाचणार असेल तर बोटं गेली तरी चालतील, असा सौदा तो मनातल्या मनात करून टाकतो. तुम्हाला न विचारता. कारण हा सौदा खरंच तसा आहे का, हे विचारता येतं हेच त्याला माहीत नसतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ यायचे. पेशाने शिंपी. सुई बोटात गेली तरी कळत नाही, रक्ताचा ठिपका कापडावर दिसला की कळतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. डॉक्टर आले की "काही त्रास?" या प्रश्नाला ते मान डोलावून "नाही" म्हणायचे. डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे जायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, सांगा की. ते म्हणाले, "सांगितलं की औषध कापतात. मला काय कापड कापायचंय का औषध?" आणि हसले. बाराच्या बारा त्यांनी पुऱ्या केल्या.

आता जे आम्हाला कोणी नीट उलगडून सांगत नाही ते लिहिते. तुम्हाला हे पाठ आहे, तरी इथे लिहिते आहे, कारण हे पत्र तुमच्याबरोबर रुग्णही वाचतील.

फॉलफॉक्स हे एक औषध नाही. त्यात फ्लुरोयुरॅसिल आहे, त्याची पकड घट्ट करणारं फोलिनिक ॲसिड आहे, आणि ऑक्सॅलिप्लॅटिन आहे. दर दोन आठवड्यांनी दोन तास सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन आणि फोलिनिक ॲसिड जातं, मग फ्लुरोयुरॅसिलचं इंजेक्शन, आणि मग छोटा पंप कमरेला अडकवून ४६ तास तेच फ्लुरोयुरॅसिल थेंबथेंब. खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे सगळं मिळून 'केमो' असतं. यातलं एक औषध कमी करून किंवा काढून बाकीचं चालू ठेवता येतं, हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं. त्यांच्या लेखी दोनच पर्याय असतात, केमो चालू किंवा केमो बंद.

आणि या तिघांत पायाचं काम कोण करतं? फ्लुरोयुरॅसिल. चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ते जगापुढे आणलं. उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा घटक निरोगी पेशींपेक्षा जास्त खेचून घेतात, असं आधी दिसलं होतं. मग त्याच घटकात एक फ्लोरिनचा अणू घालून पेशीला तो खोटा माल द्यायचा, म्हणजे तिचं डीएनए बनवण्याचं काम अडेल, ही कल्पना. ऑपरेशननंतर प्रतिबंधक म्हणून केमो दिल्याने तिसऱ्या स्टेजचे रुग्ण जास्त जगतात, हे १९९० च्या सुमारास ठामपणे सिद्ध झालं ते याच औषधावर. तेव्हा त्याच्या जोडीला लेव्हामिसोल होतं, म्हणजे जंतांवरचं औषध! त्या अभ्यासात तिसऱ्या स्टेजमध्ये रोग परतण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी आणि मृत्यूचं ३३ टक्क्यांनी घटलं होतं. ऑक्सॅलिप्लॅटिन त्यात कुठेच नव्हतं. ते १९७६ साली जपानमध्ये नागोया इथे योशिनोरी किदानी यांनी तयार केलं होतं, पण आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतरच्या उपचारांत त्याचा हक्क प्रस्थापित व्हायला २००४ उजाडावं लागलं.

२००४ चा तो अभ्यास म्हणजे मोझॅक. २,२४६ रुग्ण, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजचे. निम्म्यांना फ्लुरोयुरॅसिल आणि फोलिनिक ॲसिड, निम्म्यांना त्यावर ऑक्सॅलिप्लॅटिन. पुढे पाच वर्षांचे आकडे आले तेव्हा तिसऱ्या स्टेजमध्ये रोग न परतता हयात असलेल्यांचं प्रमाण ऑक्सॅलिप्लॅटिनशिवाय ५८.९ टक्के होतं आणि ऑक्सॅलिप्लॅटिनसह ६६.४ टक्के. म्हणजे शंभरातले एकोणसाठ जण त्याच्याविनाही तिथे पोचले असते, सात-आठ जण त्याच्यामुळे पोचले, आणि बाकीच्यांना दोन्ही उपयोगी पडली नाहीत. सात-आठ माणसं थोडी नव्हेत. त्यांत मी असू शकते, आणि म्हणून मी ते औषध पुन्हा घ्यायची वेळ आली तरी घेईन. पण पहिल्या भेटीत मला कोणी हे अशा भाषेत सांगितलं नाही. "हा स्टँडर्ड प्रोटोकॉल आहे" एवढंच सांगितलं. दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांना त्याच अभ्यासात ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, हेही त्या स्टेजच्या माणसाला सही करण्याआधी कळायला हवं.

यात आणखी एक बाब आहे आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. मोझॅकमधल्या सगळ्या रुग्णांना बाराच्या बारा सायकल पूर्ण डोसने मिळाल्या नव्हत्या. मुंग्या वाढल्या, रक्तातल्या पेशी उतरल्या, की डोस कमी केले जात होते, काहींचं ऑक्सॅलिप्लॅटिन मध्येच थांबलं होतं. ६६.४ हा आकडा अशा खऱ्याखुऱ्या, अडखळत चाललेल्या उपचारांतून आलेला आहे. जो रुग्ण दात-ओठ खाऊन पूर्ण डोस पुरा करतो, तो त्या आकड्याच्या वर काही कमावतो असं त्यावरून म्हणता येत नाही. हे एक वाक्य आमच्या शिंपीदादांना कोणी सांगितलं असतं तर?

मग २०१८ साली आयडिया नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे निष्कर्ष आले. सहा अभ्यास एकत्र, तिसऱ्या स्टेजचे १२,८३४ रुग्ण. प्रश्न साधा होता की सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो दिली तर? तीन वर्षांनी रोग न परतता हयात असलेले तीन महिनेवाल्यांत ७४.६ टक्के, सहा महिनेवाल्यांत ७५.५ टक्के. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर 'दोन्ही सारखेच' असं सरसकट म्हणता आलं नाही, हे मला ठाऊक आहे. गाठ आतड्याच्या भिंतीपलीकडे गेलेली असेल किंवा चार वा अधिक लसिका ग्रंथींत रोग पोचला असेल, तर फॉलफॉक्स घेणाऱ्यांना सहा महिन्यांचा थोडा फायदा दिसतो, हेही ठाऊक आहे. उलट कमी जोखमीच्या गटात, आणि विशेषतः कॅपेसिटाबिनच्या (शरीरात जाऊन फ्लुरोयुरॅसिल बनणाऱ्या) गोळ्यांबरोबर ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांत, तीन महिने पुरेसे ठरले. आणि हात-पाय? दैनंदिन कामांत अडथळा येईल इतका किंवा त्याहून जास्त चेतातंतूंचा त्रास फॉलफॉक्सवर सहा महिन्यांत ४७.७ टक्क्यांना झाला, तीन महिन्यांत १६.६ टक्क्यांना.

निम्म्यांच्या जवळपास आणि सहातला एक, एवढा हा फरक आहे. रोगाच्या बाजूला एका टक्क्याच्या आतबाहेरचा. मी तुम्हाला डॉक्टरकी शिकवत नाही. कोणाला तीन महिने आणि कोणाला सहा, हे तुम्हीच ठरवायचं. मी इतकंच म्हणते की ज्याची बोटं पणाला लागली आहेत त्याला तराजूची दोन्ही पारडी दिसू द्या.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा पहिला त्रास तुम्ही आवर्जून सांगता. गार पाण्याला हात लावू नका, थंड काही पिऊ नका, घशात आवळल्यासारखं होईल, घाबरू नका. ते आम्ही पाळतो. तो त्रास नाट्यमय असतो, लगेच सुरू होतो आणि काही दिवसांत ओसरतो. त्यामुळे रुग्णाला वाटतं की मुंग्या म्हणजे हेच, येतील आणि जातील. दुसरा त्रास वेगळा आहे हे त्याला सांगितलेलं नसतं. पाठीच्या कण्यालगत संवेदना वाहणाऱ्या पेशींचे जे पुंजके असतात, त्यांत हे प्लॅटिनम साचत जातं. सर्वांत लांब तंतू आधी मार खातात, म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून. गारव्याशी त्याचा संबंध नाही. तो दोन सायकलींच्या मधल्या काळात जात नाही. आणि एकूण डोस वाढतो तसा तो वाढतो. उरून राहणाऱ्या त्रासाची शक्यता दहा सायकलींपर्यंत सुमारे दहा टक्के, बारांपर्यंत सुमारे वीस टक्के, असं औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच छापलेलं आहे. शेवटच्या दोन सायकलींत जोखीम दुप्पट होते, हे मी ते पत्रक वाचलं तेव्हा मला कळलं. तोवर माझे उपचार संपले होते.

त्याच पत्रकात पुढे असंही आहे की मुंग्या पुढच्या सायकलपर्यंत टिकल्या तर डोस कमी करा, प्रतिबंधक उपचारांत ८५ वरून ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. कामात अडथळा येतोय आणि तोही पुढच्या सायकलपर्यंत टिकलाय, तर ऑक्सॅलिप्लॅटिन बंद करा. म्हणजे डोस कमी करणं हा उपचारांतला पराभव नाही, उपचारांचाच लिहून ठेवलेला भाग आहे. पण हा भाग अंमलात यायचा तर रुग्णाने खरं सांगायला हवं. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, यकृताचे रिपोर्ट तुम्हाला प्रयोगशाळेतून मिळतात. आम्ही लपवू म्हटलं तरी लपवता येत नाहीत. बोटांचा बधिरपणा मात्र कोणत्याच रक्ताच्या नळीत येत नाही. त्याची ग्रेड, म्हणजे तीव्रता, आमच्या तोंडून ठरते. अख्ख्या केमोत ही एकच मोजणी आमच्या हातात आहे आणि तीच सर्वांत कमी भरवशाची आहे!

आणि औषध थांबवल्यावर बधिरपणा तिथल्या तिथे थांबत नाही. दोन-तीन महिने तो आणखी वाढू शकतो. शेवटची सायकल झाली, पोर्ट काढला, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि त्यानंतर पाय जास्त बधिर व्हायला लागले, तर माणूस रोग परतला असं समजून रात्रभर जागा राहतो. ही गोष्ट आधी सांगायला किती वेळ लागतो? मोझॅकमध्ये चार वर्षांनंतरही सुमारे १५ टक्के लोकांना काही ना काही त्रास उरलेला होता. बहुतेकांचा सौम्य, पण उरलेला.

माझं नशीब असं की आमच्या वॉर्डात एक परिचारिका होती जी प्रश्न वेगळा विचारायची. "मुंग्या येतात का?" असं तिने मला कधीच विचारलं नाही. ती सलाईन लावता लावता म्हणाली, "आज कानातलं काढून आलात?" मी म्हटलं, हल्ली घालतच नाही. "का?" फिरकी बसत नाही. बोटांत धरली की सटकते, खाली पडली की सापडत नाही. तिने लगेच हातातली नळी बाजूला ठेवली. शर्टाची बटणं? न बघता लावता येतात? किल्ली पिशवीत हात घालून शोधता येते की पिशवी उलटी करावी लागते? पेपरची पानं एकेक सुटतात का दोन-दोन? प्रत्येक उत्तर तिने फाइलवर लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. त्या दिवशी माझा ऑक्सॅलिप्लॅटिनचा डोस कमी झाला, पुढे ते बंदही झालं, आणि फ्लुरोयुरॅसिल शेवटपर्यंत चालू राहिलं. त्याआधी त्याच रुग्णालयात राउंडला येणाऱ्या डॉक्टरांनी मला फक्त "काही त्रास?" विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर काय असतं ते वर लिहिलंच आहे.

कानातल्याच्या फिरकीचा प्रश्न कोणत्या पुस्तकात नसेल. पण "दैनंदिन कामांत अडथळा" हे जे तुमच्या ग्रेडिंगमध्ये लिहिलेलं असतं, ते प्रत्यक्षात असंच दिसतं. आमच्या आजारात तर त्याला आणखी एक पदर आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्यांना स्टोमा आहे, म्हणजे शौचासाठी पोटावर केलेली वाट, त्यांना तिच्यावरची पिशवी बदलावी लागते. चकतीचं भोक मापात कापायचं, कागद सोलायचा, त्वचेवर कडा नीट दाबून बसवायच्या, क्लिप लावायची. हे सगळं बोटांच्या टोकांचं काम आहे. बोटं बधिर झाली की कडा नीट बसली नाही हे कळत नाही, ती गळते, कातडी सोलवटते, आणि जो माणूस आजवर स्वतःचं स्वतः करत होता त्याला न्हाणीघरात दुसऱ्याला बोलवावं लागतं. स्टोमा असलेल्या रुग्णाला मुंग्यांबद्दल विचारताना कृपा करून पिशवी कोण बदलतं, हे विचारा. मधुमेहामुळे आधीच पाय बधिर असलेल्यांना तर पहिल्या सायकलच्याही आधी.

बधिरपणावर औषध देऊन वेळ मारून नेणं, हाही एक प्रकार आहे. तक्रार केली की जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची पट्टी हातात पडते. ऑक्सॅलिप्लॅटिनच्या आधी-नंतर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देण्याची पद्धत काही काळ बरीच चालली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. ॲसिटिल-एल-कार्निटिनने तर दुसऱ्या एका केमोच्या रुग्णांत बधिरपणा वाढवला. वेदना असेल तर ड्युलोक्सेटिनचा काहीसा उपयोग होतो, बधिरपणा पुसून टाकणारं मात्र आज काहीच नाही. म्हणजे खरा उपाय एकच, वेळेत डोस कमी करणं. गोळ्यांची पट्टी देऊन आम्हाला वाटायला लावू नका की काहीतरी चाललंय.

रोग पसरलेला असेल, म्हणजे यकृतात किंवा फुप्फुसांत गेलेला असेल, तर हिशेब वेगळा, पण तिथेही गोष्ट तीच. ऑप्टिमॉक्स नावाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा सायकलींनंतर ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून फ्लुरोयुरॅसिल चालू ठेवलं, आणि ऑक्सॅलिप्लॅटिन पुढे पुन्हा सुरू करायचं अशी योजना होती. आयुष्यमानात फरक पडला नाही. अशा रुग्णासमोर महिने मोजके असतात, आणि त्यांत हाताला स्पर्श कळणं ही काही चैनीची बाब नाही. सत्तरी ओलांडलेल्यांबद्दल एवढंच म्हणते की मोझॅकमध्ये वयस्कर गटात ऑक्सॅलिप्लॅटिनचा ठळक फायदा दिसला नव्हता. त्यांचा मुलगा किंवा मुलगी बाहेर उभी असेल, तरी आत बसलेल्या माणसालाच विचारा.

विषय थोडा सोडून एक मागणी करते, कारण पुन्हा पत्र लिहायची संधी मिळेल न मिळेल. फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन शरीरात मोडून निकामी करणारं डीपीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. काही लोकांत ते जन्मतःच कमी असतं, फार थोड्यांत जवळजवळ नसतंच, आणि अशांना पहिलाच नेहमीचा डोस जिवावर बेततो. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारांआधी ही तपासणी करावी अशी शिफारस केली. नेहमीच्या जनुकीय तपासणीत जे चार बदल बघतात ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडलेले आहेत, त्यामुळे इतरांना 'निगेटिव्ह' रिपोर्टने पूर्ण निर्धास्त होता येत नाही, हेही खरं. तरीही तपासणी करा, आणि पहिल्या सायकलनंतर तोंड सोलवटणं, जुलाब आणि ताप लवकर आणि जोरात आले तर "केमोत असं होतंच" असं फोनवर सांगू नका. त्यावर युरिडिन ट्रायअसिटेट हा उतारा आहे आणि तो शेवटच्या डोसपासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो.

आता तुमची बाजू. माझ्या ओळखीच्या एका कर्करोगतज्ज्ञांशी मी हे सगळं बोलले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "औषध थांबवता येतं असं पहिल्या दिवशी म्हटलं, तर निम्मे लोक तिसऱ्या सायकलला पहिल्या उलटीबरोबर यायचे बंद होतील. आणि दोन वर्षांनी यकृतात गाठी घेऊन परत येतील." ही भीती पोकळ नाही. रोग परततो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच, आणि ऑपरेशननंतर केमो लांबवत नेल्याने नुकसान होतं, याचेही पुरावे आहेत. अर्धवट सोडणारे रुग्ण मी स्वतः पाहिलेत.

पण ते का सोडतात, तेही पाहिलंय. त्यांनाही केमो चालू किंवा केमो बंद एवढंच माहीत असतं. सहन होईनासं झालं की ते दुसरा पर्याय निवडतात आणि तुम्हाला कळवतही नाहीत. एक लपवतो आणि एक पळून जातो, दोघांचं मूळ एकच. मधला रस्ता आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्रास झाला की तुमच्याकडे येईल. मला डोस कमी झाल्यावर केमो सोडावीशी वाटली नाही. उलट पुढच्या सायकली मी निश्चिंतपणे घेतल्या, कारण आता कोणीतरी माझी बोटं मोजत होतं.

वेळ नसतो, हे दुसरं उत्तर. मान्य आहे. एका सकाळी तुम्ही किती जणांना बघता, ते आम्ही रांगेत बसून मोजतच असतो. पण हे काम तुम्ही स्वतः करायला हवं असं कुठे आहे? माझं काम परिचारिकेने केलं, सलाईन लावता लावता.

शेवटी, २०२५ मधली एक गोष्ट. चॅलेंज नावाच्या चाचणीचे निकाल आले. केमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना आरोग्यविषयक पुस्तिका. पाच वर्षांनी रोग न परतता हयात असलेले व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९. साडेसहा टक्क्यांच्या आसपासचा फरक. ऑक्सॅलिप्लॅटिनने तिसऱ्या स्टेजमध्ये घातलेल्या भरीच्या जवळ जाणारा! दोन वेगळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून बरोबरी करू नये हे मला कळतं. तरी विचार करा. भरभर चालणं हा त्या व्यायामाचा मोठा भाग. ज्याचे तळपाय बधिर आहेत, ज्याला पायरीची कडा कळत नाही, तो कसा चालणार भरभर? अकराव्या-बाराव्या सायकलीत ऑक्सॅलिप्लॅटिनचे शेवटचे थेंब देऊन आपण काय मिळवतो आणि काय घालवतो, या हिशेबात आता ही एक ओळ वाढली आहे, आणि ती तुमच्या कोष्टकात अजून आलेली दिसत नाही.

तेव्हा मागणं असं. संमतिपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला त्याच्या स्टेजचे आकडे शंभरातले किती, या भाषेत सांगा, ऑक्सॅलिप्लॅटिनचा वाटा वेगळा काढून. तीन औषधांपैकी एक थांबवलं तरी बाकीचे उपचार चालू राहतात, हे त्याच बैठकीत सांगा, आणि त्याच्याकडून ते उलट वदवून घ्या. दर सायकलला सलाईन सुरू होण्याआधी बोटांच्या कामाचे चार प्रश्न कोणीतरी विचारून फाइलवर लिहायचे, आणि ते लिहिल्याशिवाय औषध फार्मसीतून सुटायचं नाही, असा नियम करा. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पाहिल्याशिवाय तुम्ही केमो देत नाही, तसंच हे. उपचार संपताना पुढचे काही महिने बधिरपणा वाढू शकतो, हे डिस्चार्जच्या कागदावर छापा.

यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही, की त्यासाठी कोणतं यंत्रही विकत घ्यायचं नाही. प्रश्न कोणते विचारायचे याची यादी हवी असेल तर त्या परिचारिकेने माझ्या फाइलवर लिहिलेले कागद माझ्याकडे आहेत, प्रती काढून द्यायला मी तयार आहे.

कळावे,

आपली,
एक रुग्ण